शोधवहीचे वीस गुण

ज्या कामाला परीक्षेत गुण नाहीत ते काम विद्यार्थी सहसा करीत नाहीत, हे कटू असले तरी सर्वत्र अनुभवास येणारे सत्य आहे. म्हणूनच एखाद्या अभ्यासक्रमातून कोणत्या कामाचे गुण काढून घेतले गेले हे पाहिले, की तो आखणाऱ्यांना कशाचे मोल वाटत नाही ते कळते. इंग्लंडमधील ए लेव्हल परीक्षेच्या माध्यम अभ्यास या विषयात असेच घडले आहे. चित्रपट तयार करणाऱ्या मुलामुलींनी चित्रीकरणापूर्वी जो शोध घ्यावा आणि जी आखणी करावी, तिचे स्वतंत्र गुण २०१७ पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या रचनेत नाहीसे झाले. हा बदल चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. परक्या देशातील परीक्षेशी आम्हांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी प्रकरण समजून घेऊ.

ए लेव्हल ही आपल्याकडील अकरावी-बारावीच्या वयाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या २००८ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे एक काम असे होते: एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि आरंभ स्वतः तयार करायचा, लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे, काम एकट्याने करावे किंवा चौघांपर्यंतच्या गटाने. सराव म्हणून त्याआधी एक छोटा प्रवेश चित्रित करावा लागे. त्यात एक पात्र दार उघडते, खोली ओलांडून दुसऱ्या पात्रासमोर बसते आणि दोघांत दोन-चार वाक्यांची देवघेव होते, एवढेच. मुख्य कामासाठी अनेक गटांची निवड थरारपटावर पडे. १०० गुणांपैकी ६० प्रत्यक्ष निर्मितीला, २० स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनाला आणि २० शोध व नियोजनाला होते. आमचा वाद या शेवटच्या २० गुणांबद्दल आहे.

या २० गुणांत काय काय येई ते पाहा. आधीचे थरारपट बारकाईने पाहून त्यांचे आरंभ कसे रचले आहेत याची टिपणे काढायची. आपला चित्रपट कोण पाहील हे ठरवून त्या वयाच्या लोकांना प्रश्नावली द्यायची. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील चित्रपट वर्गीकरण मंडळाचे नियम वाचायचे. १५ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीच्या चित्रपटात हिंसा असू शकते, पण वेदना आणि जखमा यांवर कॅमेऱ्याने रेंगाळू नये, असे त्या नियमांत आहे. जागा पाहून यायची, तेथे चित्रीकरण करण्याची परवानगी घ्यायची, अंधारी गल्ली किंवा जिना वापरायचा तर कोणाला इजा होणार नाही याचा विचार लिहून ठेवायचा. एकेका दृश्याचे रेखाटन करून स्टोरीबोर्ड तयार करायचा. संगीत घ्यायचे तर ते स्वतःचे किंवा स्वामित्वहक्कातून मुक्त असले पाहिजे. कथेत बंदूक आली, तर कायदाही पाहायचा. कारण वाजवी कारणावाचून नकली बंदूक सार्वजनिक जागी बाळगणे हा तेथे गुन्हा आहे आणि २००६ च्या कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीला ती विकतही घेता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने दोन मिनिटांच्या चित्रफितीसाठी एवढे करावे, यापेक्षा चांगले नागरिकशास्त्र कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

परंतु या कामाचे खरे महत्त्व आणखी खोल आहे. थरारपटात कोणावर तरी संशय घ्यावा लागतो. भीती कोणाच्या तरी चेहऱ्याला, कपड्यांना, बोलीला चिकटवावी लागते. शोध न घेता हे काम केले की हाताशी असलेला तयार चेहराच उचलला जातो. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या थरारपटांत तो चेहरा ठरलेला असे: सदऱ्याला जोडलेली टोपी डोक्यावर ओढून भिंतीच्या आडोशाला उभा असलेला तरुण. हे चित्र निरुपद्रवी नव्हते. केंट परगण्यातील ब्लूवॉटर या व्यापारसंकुलाने मे २००५ मध्ये अशा टोप्या घालून येण्यावर बंदी घातली आणि एका पोशाखालाच गुन्हेगाराची खूण मानले जाऊ लागले. तोच पोशाख घालून शाळेत येणारा विद्यार्थी आपल्या पहिल्या चित्रपटात तोच पोशाख खुन्याला देतो, तेव्हा तो इतरांनी स्वतःवर केलेला आरोप पुढे चालवत असतो. जुन्या अभ्यासक्रमातील मूल्यमापनात एक प्रश्नच असा होता, की तुमच्या कृतीत विशिष्ट समाजगटांचे चित्रण कसे झाले आहे? शोधवही नीट लिहिलेल्या विद्यार्थ्यालाच त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येई.

आमच्या वाचकांना हा मुद्दा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. हिंदी चित्रपटाने आपल्या समाजाला जी वागणूक दिली ती आपण पडद्यावर पाहिली आहे. तस्कराचा हस्तक रॉबर्ट, दारूच्या गुत्त्यावरचा मायकल, खलनायकाच्या शेजारी तोकड्या झग्यात बसलेली कोणी एक मिस. ‘जंजीर’ (१९७३) मधील तेजाची मोना घराघरांत विनोदाचा विषय झाली. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील अँथनी प्रेक्षकांचा लाडका नायक. तरी त्याचाही धंदा देशी दारूचाच. शेतात राबणारा, बोट घेऊन समुद्रावर जाणारा, शाळेत शिकवणारा, रुग्णालयात रात्रपाळी करणारा ख्रिस्ती माणूस त्या पटकथाकारांना दिसला नाही, कारण तो पाहायला त्यांतील कोणी आपल्या वस्तीत येऊन बसले नव्हते. द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. शोध नव्हता, एवढेच म्हणतो. आणि अन्याय होण्यास तेवढे पुरेसे ठरले. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आठवी आज्ञा न्यायालयातील साक्षीदारापुरती नाही. जो मनुष्य न पाहता, न विचारता एखाद्या जमातीला खलनायकाचा चेहरा देतो, तोही खोटी साक्षच देत असतो.

येथे एका चित्रपटकाराची आठवण अपरिहार्य आहे. आल्फ्रेड हिचकॉक १८९९ मध्ये लंडनजवळच्या लेटनस्टोन येथे एका कॅथॉलिक भाजीविक्रेत्याच्या घरी जन्मला आणि येशूसंघीयांच्या सेंट इग्नेशियस कॉलेजात शिकला. तारयंत्राच्या केबली बनवणाऱ्या कंपनीत तो जाहिरातींची रेखाटने करीत असे. चित्रपटव्यवसायात त्याचा प्रवेश झाला तो मूकपटांच्या शीर्षकपाट्या रेखाटण्याच्या कामाने. म्हणजे कागद आणि पेन्सिल ही त्याची पहिली साधने. ‘सायको’ (१९६०) मधील स्नानगृहातील खुनाचा प्रसंग पडद्यावर सुमारे ४५ सेकंद चालतो. त्याचे चित्रीकरण ७ दिवस चालले आणि त्याआधी सॉल बासने त्याचा स्टोरीबोर्ड रेखाटला होता. प्रेक्षक त्या प्रसंगाने हादरतात, पण सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. रक्त म्हणून वापरले ते चॉकलेटचे सरबत. आखणी जेवढी काटेकोर, तेवढी प्रत्यक्ष हिंसा दाखवण्याची गरज कमी, हा यातील धडा आहे.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी १९६२ मध्ये झालेल्या दीर्घ संभाषणात हिचकॉकने दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसताना तो फुटला, तर १५ सेकंदांचा धक्का बसतो. तो आहे हे आधी कळले, तर टेबलाशी चाललेल्या साध्या गप्पाही १५ मिनिटे जीव टांगणीला लावतात. प्रेक्षकाला केव्हा, काय आणि किती सांगायचे हे आधी ठरवल्याशिवाय हे साधत नाही.

हिचकॉकलाही प्रेक्षकाचा अंदाज प्रत्येक वेळी आला नाही. १९०२ च्या एका फ्रेंच नाटकावर आधारलेल्या ‘आय कन्फेस’ (१९५३) मध्ये खुनी मनुष्य पापनिवेदनात धर्मगुरूपुढे गुन्हा कबूल करतो. पुढे संशय त्या धर्मगुरूवरच येतो, पण पापनिवेदनाची मुद्रा मोडता येत नाही म्हणून तो मुका राहतो. आपल्या घरातील लहान मुलालाही त्याचे मौन कळेल. परंतु कॅथॉलिक नसलेल्या अनेक प्रेक्षकांना, केवळ गुपित राखण्यासाठी कोणी फासावर जायला तयार होईल हे पटेना. आणि ही अडचण हिचकॉकने पुढे त्रुफोपाशी मान्य केली. विद्यार्थ्यांना प्रेक्षकांसाठी प्रश्नावली तयार करायला लावतात ती यासाठीच. आपल्याला जे स्वयंसिद्ध वाटते ते समोरच्याला तसे वाटते काय, हे विचारून पाहावे लागते.

‘द राँग मॅन’ (१९५६) हा तर शोधाचाच चित्रपट. न्यूयॉर्कमधील स्टॉर्क क्लबात वाद्य वाजवणारा बालेस्त्रेरो नावाचा कुटुंबवत्सल कॅथॉलिक गृहस्थ जानेवारी १९५३ मध्ये दरोडेखोर म्हणून पकडला गेला. विमा कंपनीच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना त्याचा चेहरा दरोडेखोराचा वाटला, हे कारण. खरा गुन्हेगार सापडला, पण तोवर त्याच्या पत्नीचे मन खचून तिला रुग्णालयात ठेवावे लागले होते. हिचकॉकने ही सत्यघटना, जेथे घडली त्यांपैकी अनेक जागी जाऊन चित्रित केली. चेहऱ्यावरून गुन्हेगार ठरवणे किती महाग पडते, हे सांगणारा थरारपट प्रत्येक विद्यार्थ्याने शोधवही उघडण्यापूर्वी पाहावा.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्याच घरांतील काही वडीलधारी मंडळी म्हणतील, की खून, पाठलाग, बंदुका हे शाळेत शिकवायचे विषय आहेत काय? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. मुले थरारपट पाहतातच. पाहणाऱ्या मुलाला त्यातील भीती कशी रचली हे कळले, तर तो तिचा गुलाम राहत नाही. दुसरे म्हणतात, शोधाच्या ओझ्याखाली कल्पनाशक्ती चिरडते. ज्यांनी वर सांगितलेल्या ७ दिवसांचा आणि ४५ सेकंदांचा हिशेब पाहिला आहे त्यांनी तरी हे म्हणू नये.

तिसरा आक्षेप परीक्षा सुधारणाऱ्यांचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. शोधवह्या शेवटच्या आठवड्यात रचल्या जातात, मागील तारखा घालून भरल्या जातात, त्यांतील मजकूर एकमेकांचा उतरवलेला असतो, असे सांगितले जाते. असे होत असणार हे आम्ही नाकारीत नाही. पण चित्रफीतही मोठ्या भावाने जोडून दिलेली असू शकते. म्हणून चित्रफितीचे गुण कोणी रद्द केले नाहीत. खोट्या वहीवर उपाय म्हणजे शिक्षकाने दर आठवड्याला वही पाहणे, तोंडी प्रश्न विचारणे, बनावट वहीचे गुण कापणे. वहीच मोजायची नाही, हा उपाय नव्हे. ती सोडचिठ्ठी आहे.

सुधारणेमागचे तत्त्व असे, की लेखी परीक्षेत जे मोजता येत नाही तेवढेच परीक्षेबाहेरच्या कामावर सोपवावे. म्हणून प्रत्यक्ष कामाचा वाटा निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आला, काय तयार करायचे ते मंडळे दरवर्षी ठरवून देऊ लागली, आणि शोध व नियोजनाच्या जागी सुमारे ५०० शब्दांचे संकल्पनिवेदन उरले. तत्त्व मान्य करूनही आम्ही विचारतो: पंधरा दिवस एका जिन्यावर जाऊन तेथला उजेड पाहणे, वीस अनोळखी माणसांना प्रश्न विचारणे, आपला खलनायक दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिणे, हे दोन तासांच्या लेखी परीक्षेत कसे मोजणार? त्यांच्याच तत्त्वाने हे काम परीक्षेबाहेर मोजायला हवे होते. ५०० शब्दांत आपण काय करणार हे सांगता येते. आपण काय शोधले आणि त्यामुळे आपले मत कोठे बदलले, ते त्यात मावत नाही.

आता परक्या परीक्षेशी आपले नाते काय, या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडेही महाविद्यालयांत माध्यमांचे शिक्षण दिले जाते, आणि हातातल्या मोबाइलवर चित्रपट तयार होण्याचे हे दिवस आहेत. आपल्या धर्मग्रामातील मुलेमुलीही त्यात आहेत. लघुपटांच्या स्पर्धा भरतात, पारितोषिके दिली जातात, आणि परीक्षक पाहतात ती केवळ तयार झालेली चित्रफीत. जी चूक तेथे विचारपूर्वक झाली ती येथे विचार न करताच होत आहे. ज्या समाजाने पडद्यावर रॉबर्ट आणि मोना यांच्या रूपाने खोटी साक्ष सोसली, त्याच्या मुलांनी उद्या आपल्या थरारपटात झोपडपट्टीतील पोराला, परप्रांतीय मजुराला किंवा दाढी राखलेल्या शेजाऱ्याला तोच चेहरा द्यावा, याहून लाजिरवाणी गोष्ट नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जेथे विद्यार्थ्यांच्या चित्रपटाला गुण किंवा पारितोषिक द्यायचे, तेथे चित्रफितीसोबत शोधवही मागावी आणि १०० पैकी निदान २० गुण तिच्यासाठी राखावेत. पालकांनीही एवढे करावे. मुलगा किंवा मुलगी थरारपट करतो म्हणाली, तर कपाळाला आठ्या घालू नयेत आणि लगेच कौतुकही करू नये. वही मागावी. खलनायक कोण आहे, तो तसा का आहे, आणि त्याच्यासारख्या किती माणसांशी तू बोललास, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत चित्रीकरण थांबले तरी काही बिघडत नाही.