सीमेपलीकडचा फरारी

कथा-कादंबऱ्यांतील कैदी तुरुंगाची भिंत ओलांडतो, वेषांतर करतो, आणि अखेरीस एखाद्या परक्या देशाच्या किनाऱ्यावर उतरतो. गोष्ट बहुधा तेथेच संपते. पुढे काय झाले हे सांगण्याची लेखकाला गरज वाटत नाही, कारण एकदा समुद्र ओलांडला की कायद्याचा हात तोकडा पडतो, असे वाचकानेही मनोमन गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे? प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला तरी तसा तो नाही. कोट्यवधींची कर्जे बुडवून परदेशी गेलेल्यांची नावे वर्तमानपत्रांत वाचणारा सेनगावचा शिक्षक किंवा कारकून हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारीत असतो: सामान्य माणसाचा एक हप्ता थकला तर बँकेची नोटीस दारी येते, मग हे मोठे लोक सुटतात कसे?

सीमा म्हणजे काय, हे या भागाला कोणी शिकवावे लागत नाही. सेनगावच्या उत्तरेला वऱ्हाड लागतो. आज ती केवळ जिल्ह्याची हद्द आहे; पण १९४८ पर्यंत सेनगावचा परिसर निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती गेला होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात संस्थानच्या पोलिसांना आणि रझाकारांना हवे असलेले अनेक कार्यकर्ते याच हद्दीपलीकडे आश्रयाला गेले. स्वतंत्र भारताचे सरकार त्यांना निजामाच्या स्वाधीन करणे शक्यच नव्हते. एका राज्याचा गुन्हेगार दुसऱ्या राज्यात स्वातंत्र्यसैनिक ठरतो. परदेशी आश्रयाच्या कायद्याची सगळी गुंतागुंत या एका वाक्यात सामावलेली आहे.

पण याच संस्थानच्या इतिहासात याच्या नेमके उलट उदाहरणही घडले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांना हैदराबादेत स्थानबद्ध करण्यात आले. मार्च १९५० मध्ये ते पहाऱ्यातून निसटले आणि पाकिस्तानात पोहोचले. कादंबरीत शोभावी अशी ही घटना. त्यानंतर त्यांना कोणी परत आणू शकले नाही. तेथे त्यांनी आपली बाजू मांडणारे पुस्तकही लिहिले आणि १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या देशाने आश्रय दिला त्याचे भारताशी असलेले वैरच त्यांच्या कामी आले.

माणूस गेला त्याआधी पैसा गेला होता. संस्थानने शरणागती पत्करल्यावर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ रोजी, लंडनच्या बँकेतील संस्थानच्या खात्यातून दहा लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानच्या तेथील उच्चायुक्तांच्या खात्यात वळविण्यात आले. निजामाने ते परत मागितले; परंतु परक्या सार्वभौम राज्यावर आपल्या न्यायालयात दावा चालणार नाही, या तत्त्वापाशी १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये प्रकरण अडले. पुढे २०१३ मध्ये पाकिस्ताननेच या पैशांसाठी दावा लावला आणि त्या संरक्षणाची भिंत आपल्या हाताने पाडली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

दहा लाखांचे साडेतीन कोटी झाले म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. एकाहत्तर वर्षांत पस्तीस पट म्हणजे चक्रवाढीने दरसाल जेमतेम पाच टक्के. या काळात ब्रिटनमधील महागाईही जवळजवळ तितक्याच पटीने वाढली. म्हणजे मुद्दल कसेबसे शाबूत राहिले. सात दशके त्याचा उपयोग मात्र कोणालाच झाला नाही. संस्थानच्या तिजोरीत मराठवाड्यातील शेतकऱ्याचा शेतसाराही होता. विलंबाची किंमत असते आणि ती बहुधा खटल्यात पक्षकार नसलेल्यांनाच मोजावी लागते.

मग परक्या भूमीवर पाय ठेवणे म्हणजे सुटका, असे मानायचे काय? मराठी वाचकाला याचे उत्तर मार्सेलिसच्या बंदराने कधीच दिले आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली आणि फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रज पोलिसांच्या हवाली केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले, वाद हेगच्या लवादापुढे गेला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निर्णय दिला की, अटकेची रीत सदोष असली तरी कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. राजकीय कैद्याला आश्रय देण्याचे तत्त्व त्या काळीही मान्य होते. ते त्यांच्या उपयोगी पडले नाही. लायक अली सुटले आणि सावरकर सुटले नाहीत, यामागे दोन सरकारांच्या परस्परसंबंधांचा वाटा कायद्यातील कलमांहून मोठा होता.

आज मात्र परिस्थिती बदलली आहे. भारताचा प्रत्यार्पण कायदा १९६२ चा असून सुमारे पन्नास देशांशी करार झालेले आहेत. दोन्ही देशांत गुन्हा ठरेल अशाच कृत्यासाठी आरोपी सोपविला जातो, ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालविता येतो, आणि राजकीय स्वरूपाचा गुन्हा बहुधा वगळला जातो. मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम याला २००५ मध्ये पोर्तुगालने सोपविले. पण फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक कैद नाही, असे आश्वासन घेऊनच. जन्मठेप झाल्यानंतरही सरकारला हे वचन पाळावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे पळालेला माणूस परत येतो, परंतु काही वेळा परक्या देशाच्या अटींवर.

परक्या न्यायालयांचा खरा प्रश्न आता वेगळाच असतो. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी २०१८ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागविले. कोठडीत उजेड किती, हवा किती, हे तेथे तपासले गेले. ती परीक्षा भारत सरकार उत्तीर्ण झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र संजय भंडारी यांच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने तिहार तुरुंगात खंडणी आणि छळ यांचा धोका असल्याचे मान्य करून प्रत्यार्पण नाकारले. पुराव्याइतकीच तुरुंगाची भिंतही येथे साक्षीला उभी राहते.

यावर, आपल्या तुरुंगांची झडती घेणारे हे परके कोण, असा संताप सहज व्यक्त करता येतो. त्यात काही तथ्यही आहे. इंग्लंडच्या तुरुंगांतही सारे आलबेल नाही. पण संतापाने फरारी परत येत नाही. शिवाय ज्या बराकीची पाहणी होते ती धनवंतासाठी सजविलेली असते. सामान्य कच्च्या कैद्याला ती लाभत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैदी अद्याप खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे होते. त्यांच्या दशेकडे दुर्लक्ष करणारे राज्य परदेशी न्यायालयात फरारी धनिकाच्या हाती बचावाचे साधन देत असते. गरीब कैद्याची उपेक्षा आणि श्रीमंत आरोपीची सुटका यांचा संबंध इतका सरळ आहे.

दुसरा उपाय पैशाच्या बाजूने आहे. २०१८ च्या फरारी आर्थिक गुन्हेगार कायद्याने आरोपी गैरहजर असतानाही त्याची मालमत्ता जप्त करता येते. पण तो शंभर कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणांना लागू होतो. तालुक्याच्या गावात पतसंस्था किंवा भिशी बुडते तेव्हा आकडा तेथवर जात नाही. अशा ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली मालमत्ता वेळीच जप्त होऊन तिची विक्री झाली, तर संचालक दुबईला गेला की पुण्यात लपला, याने ठेवीदाराचे फारसे बिघडत नाही. निवृत्तीची पुंजी ठेवलेल्या शिक्षकाला आरोपी बेड्यांत पाहण्याहून आपली रक्कम हयातीत परत मिळणे अधिक मोलाचे असते.

कादंबरीतील कैदी पलीकडच्या किनाऱ्यावर सुटतो, कारण लेखकाची तशी इच्छा असते. खऱ्या फरारी माणसाला सोडविणाऱ्या गोष्टी बहुधा अलीकडच्या किनाऱ्यावर असतात: रेंगाळलेला तपास, वर्षानुवर्षे न संपणारा खटला आणि माणसाला न शोभणारी कोठडी. त्या सुधारणे हे परराष्ट्र खात्याचे काम नाही. ते जिल्हा न्यायालयापासून आणि जिल्हा तुरुंगापासून सुरू होते, आणि त्यासाठी कोणत्याही परक्या राज्याशी करार करावा लागत नाही.