उकिरडा तेव्हा एवढासाच का होता?

गेल्या महिन्यातली गोष्ट. घंटागाडीवरच्या मावशींनी दार वाजवलं. "ताई, पिशवीत काच होती हो," एवढंच म्हणाल्या. तळव्यातून रक्त येत होतं. आदल्या रात्री फुटलेला ग्लास मीच ओल्या कचऱ्यात तसाच कोंबला होता. हळद लावली, पट्टी बांधली, माफीही मागितली. पण दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं.

आणि मग आठवला आमच्या गावाचा उकिरडा. ओढ्याच्या अलीकडे होता. चुलीतली राख, शेण, केर, भाजीची देठं, एवढंच तिथं जायचं. पावसाळ्याआधी शेतकरी ते खत बैलगाड्या भरून शेतात न्यायचे, की जागा पुन्हा मोकळी! काच, पत्रा, कपडा तिथपर्यंत पोचतच नसे, कारण ते वाटेतच अडवणारी माणसं होती.

कल्हईवाला झाडाखाली भाता लावून बसायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठायचा. मग कथील फिरवून बोळ्यानं पुसलं की पातेलं आतून लखलखायचं. पिंजारी गादीतला जुना कापूस पिंजून द्यायचा. जात्याला, पाट्याला टाकी लावणारी बाई दारावर आरोळी द्यायची. बोहारीण तर हक्काची. "एवढ्या जरीच्या साडीला एवढंसंच पातेलं होय गं?" म्हणत आई तिच्याशी तासभर घासाघीस करायची. भंगारवाल्याकडे बाटल्या, डबे, मोडका स्टोव्ह सगळं खपायचं.

मग घरोघरी स्टील आलं, पितळ माळ्यावर गेलं. गंमत बघा, बोहारणीनं दिलेल्या स्टीलनंच कल्हईवाल्याचं पोट मारलं! फोमच्या गादीनं पिंजारी गेला, मिक्सरनं टाकीवाली. आता मिक्सर बिघडला तर दुकानदार म्हणतो, "नवीनच घ्या ना!"

जुनं ते सगळं सोनं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या बायाही त्याच काळातल्या. ती प्रथा बंद करायला १९९३ आणि २०१३ साली कायदे करावे लागले. ते काम जावं, याचं वाईट कशाला वाटायचं? पण कल्हईवाल्याला, बोहारणीला आपण दारात बसवत होतो, चहा देत होतो, भाव करत होतो. त्यांच्या कामाला तोंडावर किंमत होती. आज तेच काम, टाकलेल्यातून उपयोगाचं वेगळं काढण्याचं, कचरावेचक बाया करतात आणि आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं.

पुण्यात अशाच बायांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि ओळखपत्र घेऊन त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांची दखल घेतली. वापरलेले सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, हेही त्यात लिहिलं. खरं तर बाईच्या हातात बाईनं ते उघडं देऊ नये, यासाठी नियम लागावा का?

मैत्रिणींनो, कल्हईवाला काही परत येणार नाही. पण ओला-सुका वेगळा करणं, काच कागदात गुंडाळून निराळी देणं, पॅड बांधून त्यावर खूण करणं आपल्या हातात आहे. याला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांच्या वर वेळही लागत नाही.

परवा फुटलेली बरणी पुठ्ठ्यात बांधून मावशींच्या हातात दिली. "असं दिलं की बरं पडतं बघा," म्हणाल्या. तळव्यावरचा व्रण अजून दिसतो. त्यांचं नाव मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तीन वर्षं त्या रोज आमच्या दारात येतायत.