प्रत्येक अंधुक नजर म्हणजे मोतीबिंदू नव्हे

पोलादपूरकडच्या वाडीतले सत्तरीचे आजोबा एस.टी.ने महाडला डोळे दाखवायला निघतात, तेव्हा घरच्यांनी निदान आधीच केलेले असते : मोतीबिंदू! "पिकला की काढू," असेही ठरलेले असते. बहुतेक वेळा हा अंदाज खरा ठरतो. पण क्वचित दुखणे डोळ्याच्या मागे असते आणि त्याचा संबंध गळ्यातील थायरॉइड ग्रंथीशी असतो.

आयर्लंडच्या डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या ग्रंथीच्या विकाराचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि डोळ्यांमागील स्नायूंना व चरबीला सूज येते. तरुणांत डोळे बटबटीत दिसतात, हात कापतात, छाती धडधडते. त्यामुळे शंका लवकर येते. उतारवयात मात्र हा रोग लपून राहतो. वजन घटते, भूक मंदावते, नाडी अनियमित होते. आपण म्हणतो, "वय झाले!" डोळेही फारसे पुढे येत नाहीत. पण सकाळी पापण्या सुजतात, डोळे लाल राहतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात.

दोन दिसत असल्यास आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कोणताही डोळा झाकल्यावर एकच वस्तू दिसली, तर तो दोष मोतीबिंदूचा नव्हे. दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. मधुमेहानेही असे होते, म्हणून तपासणी हवीच. त्यासोबत तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. लाल रंग फिका दिसू लागला किंवा नजर झपाट्याने उतरली, तर डोळ्याच्या शिरेवर दाब असू शकतो. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

आमचे मत असे की, मोतीबिंदू शिबिरात प्रत्येक वृद्धाला "दोन दिसतात का? वजन घटले का?" एवढे विचारावे आणि शंका आल्यास रक्ताची टी.एस.एच. तपासणी करावी. ती ठीक आली तरी डोळ्यांचा हा विकार असू शकतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञांना दाखवावेच.

आणि आजोबा, विडी आजच सोडा. धूम्रपानाने हा विकार बळावतो, उपचारांचा गुणही कमी येतो. मोतीबिंदू बहुधा थोडी वाट पाहू देतो. दाबली गेलेली शीर वाट पाहत नाही.