नवा पीसी चालूच होत नाही? दुकानात जाण्याआधी खराब भाग ओळखा

फोन बिघडला की आपलं काम सोपं असतं. एक ब्रँड, एक बिल, एक सर्व्हिस सेंटर. स्वतः असेंबल केलेल्या पीसीचं तसं नाही. मीरा रोड-भाईंदरचा एखादा विद्यार्थी प्रोसेसर आणि मदरबोर्ड लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणतो, एसएसडी ऑनलाइन सेलमध्ये घेतो, ग्राफिक्स कार्ड कोणाकडून तरी सेकंड हँड उचलतो. घरी सगळं जोडून बटण दाबतो. पंखे फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन मात्र काळी.

आता तक्रार कोणाकडे करायची? मदरबोर्डवाला म्हणतो रॅम बघा, रॅमवाला म्हणतो बोर्ड बघा. दोघंही तांत्रिकदृष्ट्या चूक नाहीत, कारण वॉरंटी प्रत्येक भागाला असते, अख्ख्या पीसीला कोणाचीच नसते. म्हणून खराब भाग कोणता हे शोधणं तुमच्यावर येतं. आणि सध्या ही शोधाशोध चुकली तर ती पूर्वीपेक्षा खूप महाग पडते.

रॅमने गणित बदललंय

पूर्वी शंका आली की लोक सरळ दुसरी रॅम विकत घेऊन लावून बघायचे. २०२५च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्या आणि हा उपाय परवडेनासा झाला. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त नफा आहे, त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोनमध्येही याच कंपन्यांची मेमरी असते, त्यामुळे ही झळ फक्त पीसीवाल्यांपुरती नाही.

थोडक्यात, चालू असलेली रॅम 'डेड' समजून नवी घेणं आता परवडत नाही. आणि काळ्या स्क्रीनसाठी रॅमवर आळ येतो तेव्हा बऱ्याचदा ती निर्दोष असते.

आधी लक्षण नीट बघा

'चालू होत नाही' यात चार वेगळे प्रकार येतात.

१. काहीच हालचाल नाही. पॉवर सप्लायच्या मागचा स्विच बघा. मग बोर्डवरची २४ पिनची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल पूर्ण आत बसलीये का ते बघा. कॅबिनेटच्या बटणाची वायर चुकीच्या पिनवर असणं ही फार कॉमन चूक आहे. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिन दाखवलेल्या असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फक्त त्याच दोन पिना क्षणभर जोडा. पीसी चालू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

२. चालू होतो आणि काही सेकंदांत बंद. ८ पिनची केबल, कूलर नीट न बसणं, किंवा बोर्डखाली नको तिथे राहिलेला पितळी स्टँडऑफ, ज्यामुळे शॉर्ट होतो. कूलरखालची प्लॅस्टिकची फिल्म काढली होती का, हेही आठवा.

३. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून यावर पुढे सविस्तर.

४. बायोस दिसतो, विंडोज येत नाही. मग हार्डवेअर बहुतेक ठीक आहे. एसएसडी बायोसमध्ये दिसते का आणि बूटचा क्रम बरोबर आहे का, ते बघा.

काळी स्क्रीन: पाच गोष्टी, याच क्रमाने

मॉनिटरची केबल कुठे आहे? ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डात हवी, बोर्डात नाही. उलट रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ अशा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतातच. कार्डाशिवाय त्यांच्यावर काहीच दिसणार नाही.

थांबलात का? एएम५ बोर्डावर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होते तेव्हा बोर्ड तिच्याशी वेग आणि व्होल्टेज जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्यात काही मिनिटं जातात. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते आणि बोर्डवरचा 'डीरॅम' लाइट पेटलेला असतो. लोक नेमकं हेच बघून रॅम गेली समजतात आणि मध्येच पॉवर बंद करतात. पंधरा मिनिटं हात लावू नका.

रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहे? चार स्लॉट असतील तर दोन स्टिक साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. तरीही चालत नसेल तर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, मग दुसरी स्टिक तिथेच लावून बघा. एक चालली आणि दुसरी नाही, तर तुम्हाला ठोस पुरावा मिळाला.

बायोस जुना आहे का? रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली, बी६५० बोर्ड २०२२ पासून बाजारात आहेत. दुकानात पडून असलेल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही, म्हणजे दोन्ही भाग चांगले असूनही पीसी बंद. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅक बटण असेल तर पेन ड्राइव्हने, प्रोसेसर न लावताही अपडेट होतो.

शेवटी, सगळं काढा. बोर्ड कॅबिनेटबाहेर त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, पॉवर सप्लाय, आणि गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड. इथे चालला तर एकेक भाग परत जोडत जा. ज्या भागाने बंद पडला, तो संशयित.

दोन इशारे. प्रत्येक बदलाआधी प्लग काढा. आणि मॉड्युलर पॉवर सप्लायला दुसऱ्या मॉडेलची केबल लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळतात.

आता हक्काचं बोला

तपासणी करताना व्हिडिओ काढत राहा. सीरियल नंबर दिसू दे. एएम५ आणि इंटेलच्या सध्याच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात. प्रोसेसर बसवण्याआधी त्यांचा क्लोज-अप फोटो घ्या आणि सॉकेटचं प्लॅस्टिक कव्हर जपून ठेवा. पिन वाकलेली दिसली की वॉरंटी नाकारली जाते.

सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. 'बिलाशिवाय स्वस्त' ही ऑफर घेतली तर वॉरंटीच्या वादात हातात काहीच राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यामुळे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या छापील ओळीने दबून जाऊ नका. बऱ्याच ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडे थेट जाता येतं, दुकानदार मध्ये लागतोच असं नाही.

तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. या कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. म्हणजे दुकान मुंबईत असलं तरी मीरा-भाईंदरचा ग्राहक ठाणे जिल्ह्यात दाद मागू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. पीसीवर एडिटिंग करून स्वतःचं पोट भरत असाल तरी तुम्ही कायद्याने ग्राहकच आहात.

अजून खरेदी केली नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय हा: प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्या, आणि पैसे देण्याआधी तिथेच जोडून बायोसची स्क्रीन दाखवायला सांगा. दोनचारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. 'तो भाग माझा नाही' म्हणायची सोय मग कोणाकडेच राहत नाही.