दोष यंत्राचा कीं ग्रंथाचा ?

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं निघालें, आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें १८९३ सालीं. ग्रंथांची आवड या भागांतील कुटुंबांत अशी पिढीजात आहे. आतां तिचें स्वरूप मात्र पालटलें आहे. जीर्ण वह्या-पुस्तकें स्कॅन करून तीं लॅपटॉपवर पीडीएफच्या रूपानें वाचण्याची चाल घरोघर पडली आहे. हें रूप ॲडोबी कंपनीनें १९९३ सालीं प्रचारांत आणलें. सोय मोठी खरी. परंतु तिच्याबरोबर येणारी एक अडचण आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

आमच्या डोंबिवलीच्या घरीं ज्येष्ठ बंधु ऐंशीच्या घरांत आहेत. दृष्टि मंदावल्यामुळें छापील अक्षर त्यांना दिसेनासें झालें. वडिलांनीं स्वहस्तें लिहिलेली व्याकरणाची वही पुतण्यानें स्कॅन करून दिली, तेव्हां अक्षर हवें तेवढें मोठें करून दादा ती रोज सकाळीं वाचूं लागले. परंतु पांचसात पानें होतांच पडदा गोठे. पान पुढें जाईना कीं मागें येईना. "आतां हेंहि संपलें म्हणायचें," असें म्हणून एके दिवशीं त्यांनीं चष्मा काढून ठेवला. आम्हांस फार वाईट वाटलें. दुरुस्तीच्या दुकानांत 'नवा लॅपटॉप घ्या' एवढेंच उत्तर मिळालें.

आम्हांस यंत्रविद्या येत नाहीं. पण विद्यार्थिदशेंत शिकलेला अन्वयव्यतिरेक विसरलों नव्हतों. कारण असेल तेथें कार्य दिसावें, नसेल तेथें दिसूं नये. त्याच लॅपटॉपवर संगणकावर जुळविलेलें दुसरें पुस्तक उघडलें. तें झरझर चाललें. तीच वही नातीच्या नव्या लॅपटॉपवर उघडली. तेथेंहि ती अडखळली. दोष यंत्राचा नव्हे, वहीच्या फाईलीचा, हें अर्ध्या तासांत ठरलें.

कारणहि सरळ आहे. जुळविलेल्या पानांत अक्षरांच्या खुणा तेवढ्या साठविलेल्या असतात. स्कॅन केलेलें पान म्हणजे सबंध चित्र. ए-४ आकाराचें पान इंचास ३०० ठिपके या मानानें घेतलें, तर त्यांत सुमारें ८७ लाख ठिपके येतात. रंगीत पानांत प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरल्यास एका पानास सुमारें २६ मेगाबाइट स्मृति लागते. फाईल लहान दिसते ती दाबून घडी घातलेली असते म्हणून. पान दाखवितांना ती घडी उलगडावीच लागते. आमची वही रंगीत, आणि इंचास ६०० ठिपक्यांनीं घेतलेली. म्हणजे भार चौपट!

पुतण्यानें मूळ प्रत तशीच राखून ३०० ठिपक्यांची, करड्या छटांची दुसरी प्रत केली. भार बाराव्या हिश्शावर आला, आणि दादांचा चष्मा पुन्हा नाकावर चढला.

ज्यांच्या घरीं सर्वच पुस्तकें अडखळतात, त्यांनीं क्रम असा धरावा. प्रथम लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा व इतर प्रोग्राम मिटावे. फाईल पेनड्राइव्हवर असल्यास ती लॅपटॉपमध्यें उतरून घ्यावी. सलग पानांऐवजीं एकेक पान दाखविण्याची पद्धत निवडावी. मग वाचनाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ति घ्यावी. तरीहि न भागल्यास सुमात्रा पीडीएफसारखा हलका, विनामूल्य प्रोग्राम लावून पाहावा; त्यांत तीच फाईल नीट चालली, तर दोष पहिल्या प्रोग्रामकडे आहे असें समजावें. मात्र एका वेळीं एकच उपाय करावा. चार औषधें एकदम घेतलीं, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

यंत्र अडलें कीं तरुण मंडळी नवें घेण्याची भाषा करतात, आणि वडील मंडळी मुकाट्यानें वाचन सोडतात. दोन्हींपूर्वीं अर्धा तास परीक्षेस द्यावा, एवढीच आमची विनंति.