डोंगरवाट आणि चाकांवरचें घर

सुटी जवळ आली कीं घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. हल्लीं कांहीं हौशी कुटुंबांत अशी इच्छा उत्पन्न झाली आहे कीं, मोटारीच्या मागें ट्रेलर, म्हणजे चाकांवरचें लहानसें घर, जोडावें आणि त्यांतच जेवत-निजत थेट लडाखपर्यंत जावें. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं धोरण आंखलें. आमच्या वाकोल्यावरून उत्तरेस जाणारा महामार्ग धरला कीं अहमदाबाद, उदेपूर, जयपूर करीत दिल्ली गांठतां येते. तेथून मनाली, आणि मनालीपुढें लेह. तेव्हां हें केवळ मनोराज्य नव्हे. म्हणूनच विद्यार्थी व पालक या उभयतांनीं त्याचा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

या कल्पनेंत जें चांगलें आहे तें प्रथम मान्य केलें पाहिजे. आजीआजोबांस आपलें अंथरूण मिळतें, लहानांस घरचें अन्न मिळतें, आणि मुलांस आपला देश गांवागांवांतून पाहतां येतो. सपाट मुलखांत हें घर सोयीचें आहे यांत शंका नाहीं. परंतु मनालीच्या पुढें तें ओढून नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्याचें पहिलें कारण हवेचें आहे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० मीटर उंच आहे. पुढें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा लागतो. तो २०२० सालीं खुला झाला. त्यानंतर बारालाचा ला ही सुमारें ४,९०० मीटर उंचीची खिंड, आणि शेवटीं ५,३०० मीटरांवरील तांगलांग ला. तेथें हवेचा दाब किनाऱ्यावरच्या मानानें जवळजवळ निम्माच उरतो. साध्या इंजिनाची शक्ति दर हजार मीटरांस सुमारें दहाव्या हिश्श्यानें घटते. म्हणजे जेथें चढण सर्वांत कठीण, तेथेंच गाडी सर्वांत दुबळी. आणि तिच्या मागें भरलेलें घर!

चढणीपेक्षां उतार अधिक घातक आहे. उतारावर मागील ओझें गाडीस पुढें ढकलूं लागतें. चालक वारंवार ब्रेक दाबतो, ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकांची पकड सुटते. खालच्या गिअरांत हळूहळू उतरावें हा नियम खरा. पण ओझें जितकें अधिक तितकी चुकीस जागा कमी. वाटेवर गाटा लूप्स नांवाचीं एकवीस वळणें आहेत. अशा वळणांवर ट्रेलरचीं चाकें मोटारीच्या चाकांमागून न जातां आंतल्या बाजूस सरकतात, आणि मागें घ्यावयाची वेळ आली तर चक्र डावीकडे फिरवितांच ट्रेलर उजवीकडे वळूं लागतो. दरीच्या कडेला हा अभ्यास करूं नये.

तिसरें कारण पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. विरळ हवेंत डोकें दुखणें, वांति होणें, श्वास लागणें हीं लक्षणें दिसूं लागतात. तीं बळावलीं तर रोग्यास ताबडतोब खालीं उतरविणें हाच खरा उपाय होय. अरुंद रस्त्यावर जी गाडी परत फिरवितां येत नाहीं, तिच्यांत मऊ बिछाना असून मुलाला काय लाभ?

आणि शेवटचें कारण तेथील लोकांचें. हा रस्ता आमच्या मौजेसाठीं झालेला नाहीं. हिंवाळ्यांत बर्फानें तो बंद होतो. म्हणून पुढील हिंवाळ्याचें धान्य व इंधन उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत मालमोटारींनीं वर न्यावें लागतें. १९६० सालीं स्थापन झालेली सीमा सडक संघटना तो राखते, आणि तेथें खडी फोडणाऱ्यांत झारखंडाच्या दुमका भागांतून आलेले मजूरहि असतात. एक ट्रेलर वळणांत आडवा झाला कीं या सर्वांचें काम थांबतें. रस्ता बंद पडणें म्हणजे काय, हें वाकोलेकरांस सांगावयास नको. २००५ सालीं २६ जुलै रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि अडकलेल्या मोटारी सोडून लोक पाण्यांतून चालत घरीं गेले. येथें निदान घर चालण्याच्या टप्प्यांत होतें. खिंडींत तसें नाहीं.

मग जाऊंच नये काय? अवश्य जावें. ट्रेलर मनालीस ठेवावा. पुढें गाडींत ऊबदार कपडे, औषधें, पाणी व थोडा शिधा एवढेंच घ्यावें. मुक्काम गांवांतल्या घरीं करावा. त्यानें यजमानाच्या घरीं चार पैसे जातील, आणि मुलांस त्यांची भाषा व त्यांची चूल पाहावयास मिळेल. टप्पे लहान ठेवावे. लेहला पोंचल्यावर दोन दिवस स्वस्थ राहावें. आपला कचरा आपल्याच पिशवींत परत आणावा.

डोंगरी रस्त्याचा एक नियम आपल्या कायद्यांतहि आहे: उतरणाऱ्यानें चढणाऱ्यास वाट द्यावी. चढणाऱ्याचे कष्ट अधिक, म्हणून मान त्याचा. विद्यार्थिमित्रहो, प्रवासास निघण्यापूर्वीं सामानाची यादी करतांना हा नियम आठवा, आणि जें ओझें दुसऱ्याची वाट अडवील तें पायथ्याशींच ठेवा.