खेळांचीही फेरपालट हवी

19 जानेवारी 2025 रोजी नवी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडागारात भारतीय महिला संघाने नेपाळचा 78-40 असा पराभव करून खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याआधी नऊ वर्षे, 2016च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिलांनी गुवाहाटीत खो-खोचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा संघाचे कर्णधारपद धाराशिवच्याच सारिका काळे यांच्याकडे होते. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा सन्मान तब्बल 22 वर्षांनी आला होता. दुष्काळाच्या बातम्यांपुरताच ज्या जिल्ह्याचा उल्लेख व्हावा, त्या जिल्ह्याने भारताला खो-खोची कर्णधार दिली आणि विश्वविजेती खेळाडूही दिली. तुळजाभवानीच्या या भूमीला अभिमान वाटावा असेच हे कर्तृत्व आहे.

मात्र यशाबरोबर अनुकरणही येते आणि अनुकरणात विवेक सुटण्याचा धोका असतो. मोठ्या खेळाडूचे यश दिसते. त्यामागची वर्षे, त्यांतील टप्पे आणि शरीराने मोजलेली किंमत दिसत नाही. मग आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मैदानावर आणले जाते आणि त्या दिवसापासून तिच्यासाठी खो-खो हा बारमाही होतो. जूनमध्ये शाळा उघडते, पावसाळ्यात तालुका व जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा होतात, पुढे विभाग आणि राज्य, त्यातच संघटनेच्या निवड चाचण्या, आणि हे सारे संपते न संपते तोच उन्हाळी शिबिर. महिनाभर विसावा घेतला तर अंग जड होईल, दुसरी मुलगी पुढे जाईल, संघातील जागा हातची जाईल, ही भीती मुलीपेक्षा पालकांना अधिक असते आणि पालकांपेक्षा कधी कधी प्रशिक्षकाला. एकच खेळ वर्षाचे बारा महिने मुलांनी खेळावा काय, हा प्रश्न म्हणूनच आज या जिल्ह्याने स्वतःला विचारला पाहिजे.

वाढते शरीर आणि एकसुरी ताण

लहान मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. हाड तेथून लांबते आणि तोच भाग सर्वांत नाजूक असतो. वयात येण्याच्या सुमारास हाडे झपाट्याने वाढतात. स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या मात्र तितक्या वेगाने लांबत नाहीत. अशा काळात त्याच सांध्यावर, त्याच दिशेने, दररोज तोच ताण पडत राहिला की गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे मांडीच्या स्नायूंची दोरी नडगीच्या हाडाला जोडलेली असते, तेथे दुखणे सुरू होते. वैद्यकशास्त्रात त्याला ऑसगुड-श्लॅटर विकार म्हणतात. तो सहसा विश्रांतीने बरा होतो. पण ज्या औषधाचे नावच विश्रांती आहे, ते बारमाही सरावात मिळणार कोठून?

खो-खोचा विचार केला तर हे अधिकच पटते. आक्रमणाच्या वेळी आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि खो मिळताच क्षणार्धात उठून धावतात. बसण्याउठण्याची ही क्रिया सरावात शेकडो वेळा होते. खांबाशी वळताना संपूर्ण शरीराचा भार एका पावलावर येतो, सूर मारताना खांदा आणि कंबर पणाला लागतात, चकवा देताना घोट्याला एकदम उलट दिशा घ्यावी लागते. विश्वचषकासारखे सामने आता मॅटवर होतात, तर खेड्यातील सराव मातीवरच चालतो. पायाला दोन निराळ्या पृष्ठभागांशी जुळवून घ्यावे लागते. खेळाची चपळाई यातच आहे आणि जोखीमही यातच आहे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याचे ऊन अंगावर घेत हाच सराव चालू राहिला तर त्याला तपश्चर्या म्हणावे की हट्ट?

त्यात पोषणाचा प्रश्न मिसळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. सारिका काळे यांनी स्वतःच सांगितले आहे, की जवळपास दशकभर त्यांना दिवसाकाठी एकच वेळचे जेवण मिळत असे. अशा अर्धपोटी अवस्थेतून देशाचे कर्णधारपद मिळविणारी मुलगी असामान्यच. परंतु असामान्यांच्या सहनशक्तीवर सर्वसामान्य मुलींचे वेळापत्रक बेतणे हा अन्याय आहे. शरीराला मिळणाऱ्या अन्नापेक्षा त्याच्याकडून घेतले जाणारे काम सतत अधिक राहिले, तर मुलींची मासिक पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात, वाढ खुंटते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले होते.

दुसरी बाजूही खरी

बारमाही सरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला पोहण्याचा तलाव, टेनिसचे कोर्ट, बुद्धिबळाचा वर्ग यांतून निवड करता येते. वाशी-भूम-परंड्याच्या मुलीपुढे निवड कसली? कित्येक घरांतील माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा घरातल्या मुलीसाठी खेळ ही चैन नसून दारिद्र्यातून बाहेर पडण्याची वाट आहे. खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे सारिका काळे यांनी 2016 साली खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या आणि पुढे शासनाच्या क्रीडा अधिकारी झाल्या. तुळजापूर तालुक्याची क्रीडा जबाबदारी त्यांच्याकडे आली. एका खेळाने एका घराचे भाग्य पालटले. मग असा एकच खेळ घट्ट धरून ठेवण्यात चूक ती काय, असे पालक विचारतो, तेव्हा त्याला आरोग्याचे पाठ सांगून गप्प करता येणार नाही.

त्याला उत्तर द्यायचे तर ते यशाच्याच भाषेत दिले पाहिजे. जर्मनीतील आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या वाटचालीचा एकत्रित अभ्यास 2021 साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे : बाल व कुमार गटात चमकलेल्या खेळाडूंनी आपला मुख्य खेळ लवकर धरला होता आणि त्याचाच सराव अधिक केला होता. मात्र प्रौढ वयात जागतिक दर्जा गाठणाऱ्यांचे चित्र नेमके उलटे होते. राष्ट्रीय दर्जापाशी थांबलेल्यांच्या तुलनेत त्यांनी बालपणी अनेक खेळ खेळले होते, मुख्य खेळाकडे ते उशिरा वळले होते आणि त्यांची सुरुवातीची प्रगतीही सावकाश झाली होती. म्हणजे चौदा वर्षांखालील चषक जिंकण्याचा मार्ग आणि विश्वचषकाकडे जाणारा मार्ग हे एक नव्हेत. अडचण अशी, की शाळेच्या कपाटात चौदा वर्षांखालील चषक लगेच दिसतो. दहा वर्षांनंतरची खेळाडू दिसत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे. मुलांनी साधारण 15-16 वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये, आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी, आपल्या मुख्य खेळापासून दूर राहावे, असे ती संघटना सांगते. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत लहान वयातच शिखर गाठावे लागते, त्यांची गोष्ट निराळी. खो-खो त्या जातीचा खेळ नाही.

आपल्याच परंपरेतील शहाणपण

हे सारे परदेशातून शिकावे लागावे याचे नवल वाटते; कारण मराठी मुलुखातील मूल पूर्वापार एकच खेळ बारमाही कधीच खेळत नव्हते. खेळांना ऋतू होते. श्रावणात झोके आणि फुगड्या, नागपंचमीच्या कुस्त्या, नवरात्रात भोंडला, सुगीनंतर मोकळ्या रानात विटीदांडू आणि हुतूतू, चांदण्यात आट्यापाट्या, जत्रांच्या दिवसांत पुन्हा कुस्त्यांचे फड आणि उन्हाळ्यात विहिरीत पोहणे. त्यामुळे पाय, खांदे, पाठ, श्वास, नजर या प्रत्येकाला आपापली पाळी मिळत असे. कोणी वेळापत्रक आखले नव्हते. निसर्गानेच ते आखून दिले होते.

व्यायामशाळांनीही हाच विचार पुढे नेला. 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. आखाडा, मल्लखांब, लेझीम, लाठी, सूर्यनमस्कार या सर्वांतून घडलेले सर्वांगपुष्ट शरीर हा या परंपरेचा आदर्श होता. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे बालपणही केवळ तालमीत गेले नव्हते. धावणे, पोहणे, कबड्डी यांतही ते तरबेज होते. त्यांच्या कुस्तीतील चपळाईत या खेळांचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

सुट्टी खेळाला, मैदानाला नव्हे

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. विश्रांतीचा सल्ला शहरातून आला की त्याचा अर्थ 'घरी राहा' असा होतो आणि खेड्यातील मुलीच्या बाबतीत घरी राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. तिच्या वाट्याला पाण्याची घागर येते, धाकट्या भावंडांचा सांभाळ येतो, शेतातले खुरपणे येते. दोन महिने मैदानावर न आलेली मुलगी तिसऱ्या महिन्यात परत येईलच याची खात्री नसते. दहावीचे निमित्त होते, मग लग्नाची बोलणी सुरू होतात आणि खेळणारी मुलगी पाहता पाहता दिसेनाशी होते. प्रशिक्षक सुट्टी द्यायला कचरतात त्यामागे ही रास्त भीतीही असते. म्हणूनच या जिल्ह्यापुरते सूत्र असे असावे, की सुट्टी खो-खोला द्यावी, मैदानाला देऊ नये.

वर्षातून दोन-तीन वेळा एकेक महिना पाटीवर बसणे बंद व्हावे. मात्र मुलींनी त्याच वेळी, त्याच मैदानावर यावे. त्या महिन्यात धावणे, उड्या, गोळाफेक, लेझीम, सूर्यनमस्कार, पोहण्याची सोय असेल तेथे पोहणे आणि काही दिवस तर नुसते हुंदडणे. कुणी गुण मोजू नयेत, कुणी शिट्टी वाजवू नये. उन्हाळ्यात मैदान पहाटेच मोकळे व्हावे. आठवड्यातील एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलीच्या हातून किमान दोन-तीन खेळ गेलेले असावेत आणि त्यानंतर ज्या खेळात तिचा जीव रमेल त्याला तिने खुशाल वाहून घ्यावे. जी खरोखर खो-खोची असेल ती अशा फेरपालटीने खो-खोपासून तुटणार नाही. उलट अधिक ओढीने परतेल.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही, दृष्टी लागते. शालेय स्पर्धा आणि संघटनांच्या चाचण्या यांची वेळापत्रके एकत्र बसवून वर्षातला एखादा महिना तरी जिल्ह्यात स्पर्धामुक्त ठेवणे अवघड नाही. शाळांनी क्रीडाशिक्षकाचे मूल्यमापन केवळ चषकांवर न करता, त्याच्या किती मुली अठराव्या वर्षीही मैदानावर टिकून आहेत यावर करावे. शिबिरात येणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासले जावे आणि सरावानंतर तिच्या हाती मूठभर शेंगदाणे-गूळ पडावा. पालकांनी गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलीला आळशी ठरवू नये.

या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. एकाच रानात वर्षानुवर्षे उसामागून ऊस आणि खोडव्यामागून खोडवा घेत राहिले तर काय होते, हे त्याने पाहिले आहे. पहिली काही वर्षे उतारा भरघोस येतो, मग जमीन थकते. म्हणून जाणता शेतकरी पीक बदलतो, तुरीनंतर ज्वारी घेतो, उन्हाळ्यात रान नांगरून तापू देतो. मोकळे पडलेले रान रिकामे नसते. ते पुढच्या पेरणीची तयारी करीत असते. जमिनीच्या बाबतीत जे शहाणपण बापाला ठाऊक आहे, तेच त्याने आपल्या लेकीच्या गुडघ्यांच्या बाबतीत वापरावे, एवढेच मागणे आहे.